चाल संपवा

भालाईत अर्धा जखमी असेल
तर वारही अर्धाच करतो का?
काकांचा पहिला प्रश्न. जवळजवळ, म्हटलं.
"मग त्याला पुढं कशाला ढकललास?"

धनकवडी, तिसरा मजला,
चष्मा कपाळावर, चहावर साय.
एकतीस वर्षं महापालिकेच्या पाण्याचे
व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस
माझ्या लॅपटॉपवर पहिलं शहर वसवतोय.

टेकडीवरच्या तिरंदाजाला बळ जास्त का,
हे समजावावं लागलं नाही.
"उंचीचं प्रेशर," म्हणाले.

अडले ते धान्यापाशी.
या शहराचं कोठार ओसंडतंय,
त्या शहरात माणसं घटतायत,
मधे रस्ता आहे, मीच बांधलाय,
मग जात का नाही?
ज्याचं त्याचं कोठार, काका. नियम आहे.
"कुणी केला?"

आणि दोन्ही हद्दींत येणारं तळं
आधी वसलेल्या शहराचं, म्हटल्यावर
बराच वेळ गप्प.
बोट नुसतं फिरत राहिलं टेबलावर,
उजवीकडून डावीकडं,
चावी सोडताना फिरतं तसं.

रात्री दोनला उठलो.
पडद्याच्या निळ्या उजेडात काका,
कोपऱ्यात 'चाल संपवा' लुकलुकतंय.
दाबा आणि झोपा ना.

"थांब रे," म्हणाले,
"शेवटच्या घराला अजून पोचलं नाही."