अधिक-उणे पंचवीस

डेलिया मॉन्गन, वय त्र्याहत्तर,
कोनेमारात घरामागच्या दलदलीत पीट कापत होती.
कुदळ कशात तरी मऊ रुतली.
तिला वाटलं, मेलेली मेंढी.
निघालं लोणी.
लाकडी बुधल्यात, मेणासारखं पांढरं,
जुन्या चीजच्या वासाचं, थोडं ओल्या कुत्र्याच्याही.

संग्रहालयानं त्यातलं नखभर
माझ्याकडे बेलफास्टला पाठवलं.
सोबत डेलियाची चिठ्ठी, पेन्सिलीनं:
कुणाचं आहे, कळेल का?

कुणाचं ते नाही कळत, डेलिया.
कधीचं, एवढं विचारता येतं,
तेही लोण्याला नाही,
त्या गाईनं खाल्लेल्या गवताला.

फार वर, जिथे हवा विरळ होते,
नायट्रोजनला अवकाशाचा मार बसतो
आणि एखादा अणू कार्बन होऊन खाली येतो,
चौदा वजनाचा, अंगात अस्वस्थपणा घेऊन.
गवतात, दुधात, घुसळणाऱ्या मनगटात
तो असतोच, लाख कोटीत एक.
चरणं थांबलं की आवक बंद.
जावक मात्र चालूच,
पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मी.

माझे गुरू वाट बघत बसायचे,
एखादा अणू फुटेल, टिक होईल.
त्यांना मूठभर लागायचं, आणि आठवडे.
आम्ही गेलेल्यांची वाट बघत नाही,
उरलेल्यांची हजेरी घेतो.

लोणी धुतलं. जाळलं.
त्याचा वायू लोखंडाच्या भुकटीवर तापवला,
तेव्हा उरली काजळी, एक मिलिग्रॅम.
बाळाला तीट लावायलाही पुरली नसती.

मग सीझियमचा मारा.
अणू उडाले, एकेक इलेक्ट्रॉन उसना घेऊन.
नायट्रोजन वजनानं याचा जुळा,
पण त्याला उसनं पचत नाही, तो दारातच गळतो.
पुढे लाखो व्होल्टची ओढ,
वाटेत वायूचा पातळ पडदा,
तिथे उसनं फिटतं, वर पदरचंही जातं,
आणि दोघं-तिघं मिळून चौदाचं सोंग घेतलेले
सुटे होतात.
मग चुंबकाचं वळण.
बारा आतून वळतो, तेरा जरा बाहेरून,
ते ओंजळीनं मोजायचे.
चौदा सगळ्यात बाहेरून येतो.
एक.
मग अजून एक.
माझा चहा निवतो.

उत्तर आलं: एकवीसशे दहा, अधिक-उणे पंचवीस.
ही अजून वर्षं नव्हेत. आकाशाचा हात कधी सढळ, कधी आखडता,
म्हणून दलदलीतल्याच ओक झाडांच्या कड्यांशी ताळा जमवला:
इसवी सनापूर्वी दोनशे ते पन्नास, त्यात कुठेतरी.
लोणी आहे, पण लोणकढी नाही.

आणि एक गंमत, डेलिया.
आमचा 'आज' एकोणीसशे पन्नास सालीच थांबलाय.
नंतर बॉम्ब फुटत गेले, हवेतला चौदा दुपटीला पोचला.
तू एक्कावनची.
तुझी अक्कलदाढ घडत होती, तेव्हाच तो सर्वात जास्त होता.
आमच्या हिशेबात तू
अजून यायची आहेस.

तिचं उलट टपाल आलं.
दाढ गेल्याच वर्षी काढली, लिहिते.
आणि बुधल्यात, वरच्या थरावर, बोटांचे ठसे होते, चार.
लहान होते. पोरीचे असतील.
तुम्ही पाहिले नाहीत का?

माझ्याकडे नखभरच आलं होतं.

खाली, तिरकं, जागा उरली तेवढ्यात:
यंदा पीट वाळलंच नाही.