बत्तिसावं मिनिट

बँकेच्या जुन्या डायरीत लिहून ठेवतो:
सोमवार, बत्तीस मिनिटं.
मंगळवार, बत्तीस. बुधवारी एकतीस,
पण त्या दिवशी भंगारवाल्याचा भोंगा होता.

अनघाची रजा संपली, माझी सुरू झाली.
वारज्याच्या या चौथ्या मजल्यावर
मी आता बेलमध्ये कापूस कोंबणारा माणूस.
डाळसुद्धा उघड्या पातेल्यात शिजवतो,
शिट्टी नको म्हणून.
दारावर चिठ्ठी: 'बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये.
पार्सल चपलांच्या कपाटावर ठेवावे.'
त्याखाली शिंत्रेकाकूंनी पेनाने भर घातली आहे:
'लिफ्टचे दारही आपटू नये. हे सर्वांसाठी.'

सल्ले पुष्कळ. पाळणा बांधा. पाळण्याची सवयच लावू नका.
दुपट्यात घट्ट गुंडाळा. हात मोकळे असू देत.
डॉक्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या,
तिला जाग येते ती झोपेची एक पायरी उतरून
दुसरीवर पाय ठेवताना.
तिथे अंधार असतो, इतकंच.
तुम्ही तिसाव्या मिनिटाला जाऊन बसा.

म्हणून बसलोय.
पडद्याला कपड्यांचे चिमटे लावलेत, तरी उन्हाची एक पट्टी
मिहिकाच्या टाचेपर्यंत येऊन पोचली आहे.
एकोणतीस. पापण्यांखाली काहीतरी सरकतंय.
तीस. मी तिच्या छातीवर हात ठेवतो,
सायीचं भांडं उचलावं तितक्या बेताने.

हे काम मला नवीन नाही.

दापोडीची खोली, मी सात वर्षांचा, शाळा दुपारची.
आई ससूनची रात्रपाळी करून सकाळी यायची,
आंघोळ करून, ओल्या केसांनीच, भिंतीकडे तोंड करून झोपायची.
मी उंबऱ्यावर.
कडीत कागदाची घडी, नळाखाली फडकं,
भाजीवालीला हातानेच सांगायचो, पुढे जा.
रेल्वेला मात्र काही सांगता यायचं नाही.
लोणावळ्याची गाडी आली की मांडणीतले पेले किणकिणायचे,
आईची पाठ हलायची,
आणि मी धावत जाऊन तिच्या पाठीवर तळवा टेकवायचो,
शेवटचा डबा जाईपर्यंत.
तिला कळत नसणार, असंच मी धरून चाललो
इतकी वर्षं.
परवा फोनवर म्हणाली,
'हात ठेव, पण काढायची घाई नको.
तू फार घाई करायचास.'

बत्तीस.
मिहिका दचकते. दोन्ही हात हवेत,
ओठ रडण्याच्या आकाराचे,
आवाज तेवढा यायचा राहिलाय.
नेमकी खाली स्कूलबस मागे घेतायत, तिची ती धून.
मी हात काढत नाही.
मूठ सुटते. आधी करंगळी.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग बाकीची.

एक्केचाळीस.
खांद्यापर्यंत मुंग्या आल्यात.
डायरी स्वयंपाकघरात राहिली.
गॅस बारीक आहे,
डाळीत पाणी किती घातलं होतं
ते आठवत बसलोय.