पान अठरा

नाशिकरोड, जेलरोडला, गॅलरीत
वाळत घातलेल्या साडीआड बसून
मी पासपोर्ट उन्हात धरते.
निकमबाई विचारतात, आता कुठं निघालात मथुराताई?
कुठं नाही. शिक्का शोधतेय.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये
हीच पानं मोजली.
छत्तीस, छत्तीस, छत्तीस.
एक पुस्तक कमी भरलं की अख्खा हॉल कुलूपबंद,
इकडं घरी भात करपलेला.
कोरी पुस्तकं. ना नाव, ना फोटो.
कोण कुठं जाणार
आम्हाला कुणी सांगायचं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

मग भाचीनं तिकीट काढलं.
कॉर्फू ते ब्रिंदिसी, रात्रीची बोट, डेकवर जागा.
बोट कसली,
पोटात चाळीस ट्रक घेतलेली चाळच ती.
भोंगा वाजला
आणि माझे पाय आपोआप उठले,
पहिली पाळी!
शलाका हसली. बस गं मावशी, निवृत्त झालीस.

शेजारी एक ट्रकवाला पुठ्ठ्यावर आडवा,
बूट उशाखाली.
मी चिवड्याची पुडी पुढं केली.
त्यानं शेंगदाणे तेवढे वेचले,
मग माझ्या घड्याळाकडं बोट करून
हवेतच काटा मागं फिरवला.
शलाका म्हणाली, पलीकडं एक तास उशिरा वाजतं.
म्हणजे तास मिळाला? फुकट?
प्रेसनं कधी पाच मिनिटं सोडली नाहीत.

तो तास मी कठड्याला धरून काढला.
दिसलं काहीच नाही.
काळं पाणी, डिझेलचा वास,
ओठांवर मीठ.

सकाळी केस विंचरून, पासपोर्ट हातात घेऊन
रांगेत उभी राहायला गेले
तर रांगच नव्हती.
माणसं पिशव्या उचलून चालत सुटलेली,
पंचवटीतून रविवार कारंजावर यावं तशी.
एका वर्दीवाल्यापुढं मी मधलं पान उघडून धरलं,
अठरावं, जिथं शिवणीचा दोरा दिसतो.
त्या समुद्रासाठी राखलं होतं मनात.
त्यानं हात हलवला, चला, चला.
अरे, दोरा तरी बघ!

परतीच्या विमानानं
सगळे तास कापून घेतले, तोही.

प्रेसमध्ये ओला स्पंज असायचा, सरकारी.
आता बोट जिभेला लावते, पान उलटते,
पुन्हा बोट जिभेला.
खारट लागतं.
घामही असेल, निकमबाई,
मे महिना आहे.