साठ दोलक

तोरुनमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
हाल्श्का व्रोनेत्स्का कोट न काढताच खुर्चीत बसते.
खिडकीखालचा रेडिएटर आत कुणी अडकल्यासारखा
दोनदा ठकठकतो, मग गप्प.

पडद्यावर एकच कण आहे.
वर आणि खाली, होय आणि नाही,
दोन्ही न सांडता धरलेलं.
आणि भोवती ऊब.
ऊब म्हणजे काय, तर साठ दोलक.
खरे तर अगणित;
पण यंत्राला अगणित पेलत नाही,
म्हणून आई माणसं मोजून पीठ मळायची
तसे तिने साठ घेतले.

कणाचं दुहेरीपण कुणी चोरत नाही.
तोच सांगून बसतो
याच्याजवळ थोडं, त्याच्याजवळ थोडं,
आणि रेघ उतरत जाते
शून्याला टेकेपर्यंत.

प्राध्यापक बोगुमिल म्हणाले होते,
ऊब विसराळू असते असं धरून चाल,
हिशेब सुटसुटीत होतो.
तिने तसं धरलं नाही.

बुधवारी रात्री
शून्यावर बराच वेळ पडून राहिलेली रेघ
उठली.
उंचवटा. नखाएवढा.
सांगून टाकलेलं परत आलं होतं.

तिने पाव तसाच ठेवला.
तिला ग्न्येव्को आठवला,
वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या विकण्यावरून
भांडून बर्गनला गेलेला, चार वर्षं झाली.
हेउम्झात असतं तर
रुसलेला माणूस गुरुवारच्या बाजारात
कोबीच्या ढिगापलीकडे समोर आलाच असता.
एकच चौक. जाऊन जाणार कुठे?

गुरुवारी तिने दोलक एकशेवीस केले.
उंचवटा दुप्पट लांब सरकला.
दोनशे चाळीस. आणखी दुप्पट.
चारशे ऐंशीला पडदा संपला,
रेघ सपाटच बाहेर पडली.

वहीत तिने लिहिलं:
परतणं खरं नाही. दोलक कमी घेतले होते.
म्हणजे भिंतीवर आपटून आलेली हाकच ती.
खोली लहान होती, एवढंच.

मग बराच वेळ पेन तसंच हातात.
कारण समीकरणात काही नष्ट होत नाही
हेही तिला ठाऊक आहे.
साठांत काय, चारशे ऐंशींत काय,
वाटून गेलेलं सगळं कुठेतरी असतंच,
कणाकणाने, ज्याच्या त्याच्याजवळ,
फक्त ते सगळे एका क्षणी
एका चौकात येत नाहीत.

साठांची फाइल तिने पुसली नाही.

दिवा मालवण्याआधी
फोनवर बर्गनचं तापमान बघते.
सहा अंश, पाऊस.
रोज बघते.
हे ती बोगुमिलना सांगत नाही.