काचेची खोली

पौनीकर फॅब्रिकेटर टेप गुंडाळत म्हणाला,
"बाई, नागपुरात लोक ऊन बाहेर ठेवायचे पैसे देतात.
तुम्ही आत घ्यायचे देऊन राहिल्या."
मी चहा पुढे केला.

मागच्या ओट्याला दोन बाजूंनी काच,
वर पांढरा पत्रा, फूटभर बाहेर काढलेला.
पश्चिमेला खिडकी नाही, भिंतच; ते त्यानेच सुचवलं,
नाहीतर मे महिन्यात आत बसणाऱ्याचं भरीत होईल म्हणे.

झालंच थोडंसं.
नवतप्यात मी तिथे कुरडया घातल्या,
दुपारपर्यंत खडखड वाजायला लागल्या.
प्लास्टिकचं घड्याळ वाकलं.
बोकडेबाई कुंपणावरून हसल्या,
"भट्टी बांधली का व?"

बांधली.
त्यांना काय सांगू,
हा माणूस एकतीस वर्षं सिल्लेवाड्याच्या खाणीत
अंधारात उतरला, अंधारात वर आला.
थंडीत तर रविवारशिवाय उजेड नाही
आणि रविवारी तो झोपायचा.

आता डिसेंबर. पारा नऊवर.
सकाळी आठला ऊन काचेतून येतं,
आधी पायांवर, मग लुंगीवर, मग पेपरवर.
तो पेपर वाचत नाही.
हात उलटेसुलटे करून बघतो,
कुणाचे उसने आणल्यासारखे.
अंगठ्यापाशी कातडीत कोळशाची निळी रेघ आहे,
कुठल्याच साबणाने न गेलेली.
ती तो उन्हात धरतो.

दहाला ऊन सरकतं.
मी काही न बोलता
त्याची खुर्ची वीतभर पुढे ढकलते.