राखाडी पडदा

नरांतूलच्या बाजारात माझा एक लोखंडी कंटेनर.
आत जुने टॅब्लेट, जुने चार्जर
आणि एक विजेची शेगडी, जी मी गिऱ्हाईक आलं तरच लावते.
उणे अठ्ठावीस होतं त्या दिवशी.
मुलगी आली ती दातांनी हातमोजे ओढत.
नाव खोंगोरझुल, पशुवैद्यकाचं दुसरं वर्ष,
वसंतात विंचरलेल्या बकऱ्यांच्या लोकरीचे पैसे
आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन.

"वाचायला हवं," म्हणाली, "आणि तासाला लिहायलाही.
पुस्तकं सगळी पेनड्राइव्हवर आहेत,
निम्मी रशियन, स्कॅन केलेली, पानं तिरकी,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा."

मी आधी महागडं काढलं. धंदा आहे.
राखाडी पडदा, कागदासारखा,
डोळ्यांना टोचत नाही,
एकदा चार्ज केलं की आठवडा निघतो.
आधीच्या मालकाच्या नोंदी पुसायच्या राहिल्या होत्या:
कायद्याचा कुणी विद्यार्थी,
एक्केचाळिसाव्या पानापर्यंत ओळ न् ओळ अधोरेखित
आणि पुढे काहीच नाही.
तिनं ते पाहिलं. हसली नाही.

पुढच्या कोऱ्या पानावर पेन टेकवून बघितलं,
घाईची अक्षरं सिरिलिक, आडवी,
मग स्वतःचं नाव, सावकाश, जुन्या उभ्या लिपीत,
वरून खाली, मणक्यांसारखं.
आडव्याचं यंत्रानं लगेच छापील करून दिलं.
उभ्याला ते चित्र समजलं.
"असू दे," ती म्हणाली,
"आमच्या सरांनाही कुठं वाचता येतं."

मग तिनं शेळीचं हृदय उघडलं.
पान दोनशे सहा.
सगळ्या वाहिन्या राखाडी.
येणारं रक्त, जाणारं रक्त, काही फरक नाही.
कितीतरी वेळ ती बघत राहिली,
बोट एका नळीवरून दुसरीवर,
वाट चुकल्यासारखं परत मागे.
मला सांगता आलं असतं.
मीही कळपातच वाढले, कोपरापर्यंत हात घातलेत,
आत निळं काहीच नसतं, पोरी,
सगळं गरम असतं आणि अंधार.
पण राखाडीचे बारा लाख तुगरिक होते,
आणि तिच्याकडे तेवढे नव्हते हे मी पिन बघूनच ओळखलं होतं.

दुसरं काढलं. रंगीत, कोपरा उडालेला,
काचेवर केसाएवढी चीर.
"थंडीत हे मान टाकतं," मी खरं तेच सांगितलं.
"किती वेळात?"
"तूच बघ."

तिनं ओळखपत्र माझ्या हातात ठेवलं,
देलचा पट्टा सैल केला
आणि नुकतं जन्मलेलं करडू घ्यावं तसं
ते यंत्र आत, पोटाशी सरकवलं.
बाहेर गेली.
मोजे विकणाऱ्या बाईपाशी उभी राहिली,
मांसाच्या दुकानांपर्यंत जाऊन आली,
पापण्यांवर पांढरं साठलं.
अर्ध्या तासानं आत येऊन पट्टा सोडला.
जाताना चौसष्ट टक्के होते, आता एकसष्ट.
"जगेल," ती म्हणाली.

घासाघीस झाली, रीतीप्रमाणे.
मी पेन वेगळं धरलं होतं, तिनं ते आतच धरलं.
शेवटी वीस हजार कमी पडले,
ते मी सोडले. उदारपणे नव्हे,
नोटा अजून उबदार होत्या, म्हणून.

संध्याकाळी दार ओढण्याआधी
राखाडी यंत्र साफ करायला घेतलं.
कायद्याची एक्केचाळीस पानं एका दमात गेली.
बेचाळिसाव्यावर तिचं नाव, उभं.
यंत्रानं विचारलं, हे चित्र काढून टाकायचं?

मी बराच वेळ काही दाबलं नाही.
गिऱ्हाईक कुणीच नव्हतं,
आणि शेगडी चालू होती.