वाकड्या शेपटीचं

"कुत्रं बांधलं का?" कवडू मिस्त्री ओरडायचा
आणि नवं गिऱ्हाईक लेथखाली वाकून पाहायचं.

आमचं कुत्रं बिडाचं, तळहाताएवढं.
त्याच्या गळ्यात शाफ्ट घालायचा,
वरून चौकोनी डोक्याचा बोल्ट आवळायचा,
शेपूट फिरत्या प्लेटच्या खाचेत सोडायचं.
नळीत घातलं तरी वाकडंच ते.
"म्हनून तं कामाचं," मिस्त्री म्हणायचा,
"सरळ असतं तं प्लेट येकटीच फिरली असती."

वडकी फाट्यावर पत्र्याचं शेड.
लेथ बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावातली.
बेडच्या फटीतून अजून कधीमधी सरकी निघते.

मी आयटीआयचा कागद घेऊन आले
तेव्हा चक मला पाठ होता.
तीन जबडे, एक किल्ली,
धरायचं आणि फिरवायचं एकाच मुठीत.
मिस्त्रीनं चक उतरवून पोत्यावर ठेवला.
"पाह्य पोरी. धरनारा येगळा, फिरवनारा येगळा.
हे दोन सेंटर निस्ते टेकतात."

किती टेकायचं ते सांगितलं नाही.
ते मला धुरानं शिकवलं.
एक सेंटर कामासोबत फिरतं,
दुसरं बसून राहतं,
आणि जळतं ते बसून राहणारंच.
भोकात ग्रीस, ग्रीसमध्ये चिमूटभर सफेदा,
काम तापून लांबलं की चाक केसभर मागे.

मैनाबाई बोरकुटे चक्कीचा शाफ्ट
गोधडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आली.
कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं, त्याचा राग आधी.
मग सांगितलं: बेअरिंगची जागा झिजली,
वेल्डिंगवाल्यानं भरून दिली,
तीन दिवस गावात दळण नाही.

भरता भरता त्यानं टोकाचं भोकही भरलं होतं.
बह्याड! शाफ्टची बेंबीच बुजवली.

खडू फासला. कंपासनं चार बाजूंनी चार रेघा ओढल्या,
मधल्या इवल्या चौकोनात पंच मारला,
दोन सेंटरांत अडकवून हातानं फिरवलं.
खडू एकाच बाजूला घासला.
पंच तिरका धरून खूण सरकवली. परत फिरवलं.
सहाव्या वेळी खडू सगळीकडून सारखा लागला,
तेव्हा कुठे ड्रिल लावलं.

दुसऱ्या टोकाचं भोक शाबूत.
त्याच्या शेजारी पंचचे तीन ठिपके.
मिस्त्री बाजेवर, मोतीबिंदूच्या हिरव्या पट्टीत.
त्याचं बोट धरून ठिपक्यांवर ठेवलं.
"तुमचेच ना?"
तो बराच वेळ चाचपत राहिला.
"माहे नाही. माह्या उस्तादाचे हायेत."
आणि कूस बदलून झोपला.

अर्धा कट झाला आणि लाइट गेली.
रात्री बारानंतर येईल, पानठेल्यावरून कळलं.
मैनाबाई म्हणाली, आता इथं लोंबकळत ठेवू नका,
कोणाचा धक्का लागला तर?
मी शाफ्ट काढून तिच्या गोधडीवर ठेवला.
"आता परत जुळवा लागन ना वं?"
नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.
रात्रभर एक हात त्याच्यावर ठेवून बसली,
जसं शेजारी कोणी आजारी निजलंय.

दोन वाजता बल्ब पेटला.
भोकं पुसली, ग्रीस भरलं,
बोल्टच्या खाली जुन्या मोटारीच्या तांब्याची पट्टी,
म्हणजे बोल्टचा वळ उठायचा नाही.
बाह्या वर, ओढणी खिळ्याला.
शेपूट खाचेच्या तळाला टेकत नाही, नखानं पाहिलं;
टेकलं तर तेच कामाला सेंटरवरून उचलतं.
टूल पुढे घेतलं.
जिथे सोडलं होतं तिथेच लागलं.
निळा कीस निघाला, लांब, कुठे न तुटता.

मधेच बाजेवरून आवाज आला, झोपेतला:
"कुत्रं बांधलं का?"

मैनाबाईनं वाकून पाहिलं.
होतं एक खाली,
कालच्या उबदार किसात मुटकुळं करून,
कोणाचं ते कोण जाणे.
"नाही बांधलं," ती म्हणाली.